कमानीखालची झडती

पोळ्याच्या तोरणाखाली बाईनं झडती म्हणू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. मी गावातल्या पुजाऱ्याला विचारून घेतलं आहे. तो म्हणाला, "लिवलं नसन, पन कोनी म्हनत नाही." कोणी म्हणत नाही म्हणून म्हणायचंच नाही, हा न्याय मला लहानपणापासून पटलेला नाही.

झडती म्हणजे चार-सहा ओळींचं कवन. पोळ्याच्या दुपारी सजवलेले बैल तोरणाखाली रांगेनं उभे राहिले की एकेक जण पुढं येतो आणि झडती म्हणतो. तिच्यात महादेव असतो, पार्वती असते, आणि त्यांच्या आडून गावातल्या मोठ्या माणसांची बिनपाण्यानं हजामत असते. शेवटी म्हणणारा 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला' अशी हाळी देतो आणि गाव 'हर हर महादेव' म्हणतं. गावानं उत्तर दिलं की झडती लागली. नाही दिलं तर पडली, आणि म्हणणाऱ्यानं मान खाली घालून मागं जायचं. एकदा लागलेल्या झडतीवर मात्र कोणी डूख धरायचा नाही. फार झोंबलं तर उत्तर झडतीनंच द्यायचं. ही आमच्याकडची रीत.

तेलंगणातल्या वांकिडीच्या पट्ट्यात आमच्यासारखी पुष्कळ मराठी गावं आहेत. आमचा बाजार महाराष्ट्रात, कचेरी तेलुगूत आणि भांडणं मराठीत. बाबा भाजीपाला पिकवतात, आणि झडती म्हणण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही. मी गावच्याच मराठी शाळेत कंत्राटी शिक्षिका होते.

त्या वर्षी मृगाच्या वादळानं शाळेचे पत्रे उडाले. निम्मी शाळा आभाळाखाली आली. पाऊस आला की मी लेकरं घेऊन मारुतीच्या देवळात पळायची, आणि भजनी मंडळ आलं की परत शाळेत. मंडलच्या, म्हणजे तालुक्यासारख्याच, कचेरीत मी दरखास्त दिली. पुढं प्रत्येक खेपेला एकच तेलुगू शब्द ऐकून परत आले: चूद्दाम. म्हणजे बघू.

त्याच पावसाळ्यात गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान उभी राहिली. कमानीवर सरपंचाचा हात जोडलेला मोठा फोटो. पावसानं फोटोचा रंग उडू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याची छपरी बसवली होती. नवाकोरा, चकचकीत पत्रा. मी रोज सकाळी त्याच्याखालून शाळेत जायची आणि रोज माझं डोकं फिरायचं.

सरपंच काही जन्माचा पुढारी नव्हता. वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात तो खांद्यावर घोंगडी आणि पायात घुंगरू बांधून रस्त्यावर नाचलेला माणूस. त्याचा आवाज खणखणीत. रस्ता अडवून तो तेलुगू गाणी म्हणायचा, आणि बाबा मध्ये मध्ये मराठी झडत्या टाकायचे. बंदोबस्ताचे पोलीससुद्धा हसायचे. त्या गाण्यांवर त्याला गावानं ओळखलं आणि पुढं निवडून दिलं. म्हणून तर गाणं काय करू शकतं हे त्याच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. पोळ्याच्या आधी त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं, "यंदा झडत्या देवाधर्माच्याच म्हना. राजकारन नको. आन् तोरन यंदा कमानीले बांधू."

मग तो आमच्या घरी आला. बाबांना काका म्हणायची त्याची जुनी सवय.

"काका, तुमची पोरगी कंत्राटावर हाय. मंडलात माहा शब्द चालते. तुमी समजदार हा."

बाबा वांगी निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "यंदा मी नाही म्हनत झडती," एवढंच म्हणाले.

सरपंच चहा पिऊन गेला. मी बाबांशी भांडले. "काऊन कबूल झाले तुमी? म्या सांगतलं होतं का तुमाले?"

"तुही नोकरी हाय, माय. झडती काय, येते न् जाते."

ज्या माणसानं पाटील सोडला नाही, तलाठी सोडला नाही, स्वतःच्या व्याह्याला सोडलं नाही, त्यानं माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं, हे मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मला त्यांची दया आली नाही. राग आला, आणि तो राग सरपंचाच्या पदरात घातल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नव्हतं. नोकरी मला प्यारी होती. शिकवायला मला मनापासून आवडत होतं. पण लेकरं भिजत असताना गप्प बसून जी टिकते ती कसली नोकरी?

पोळ्याच्या दुपारी कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. खाली बैल, बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली. डफडी वाजत होती. बाया ओवाळणीची ताटं घेऊन नेहमीसारख्या बाजूला उभ्या. सरपंच हातात माइक घेऊन आपल्याच फोटोखाली उभा होता आणि एकेकाला पुढं बोलवत होता. सगळ्यांनी गुळमुळीत झडत्या म्हटल्या. महादेव कैलासावर बसला, पार्वतीनं फुलं वेचली, झालं. गाव तोंडदेखलं 'हर हर महादेव' म्हणत होतं. बाबा आमच्या जोडीचा कासरा धरून जमिनीकडं बघत होते.

"आखीन कोनी?" सरपंचानं विचारलं.

मी ताट मायच्या हातात दिलं आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिले. डफडी थांबली. कोणीतरी "आता ही काऊन आली?" असं म्हणालेलं मला ऐकू आलं. मी लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि बाबांच्याच चालीत सुरू केलं:

"कमान रे कमान, सिमेटाची कमान,
कमानीवर फोटो, फोटोले लय मान.
फोटोवर पत्रा, पत्र्याखाली छाया,
पान्यात भिजून राह्यली लेकरायची शाया.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला—"

सगळ्यांच्या माना आधी वर गेल्या, फोटोवरच्या पत्र्याकडं. मग खाली आल्या, सरपंचाकडं. कोणी तोंड उघडेना. ज्यांची लेकरं माझ्यापुढं रोज भिजत होती ते बापसुद्धा बैलांच्या झुली सारख्या करू लागले. आता झडती पडणार, हे मला कळलं.

आणि तेवढ्यात लाउडस्पीकरमधून खणखणीत आवाज आला: "हर हर महादेव!"

सरपंच स्वतः म्हणाला होता. माझ्यावर मेहरबानी म्हणून नाही. जन्मल्यापासून याच गावात पोळा पाहिलेला माणूस तो. 'हर बोला' कानावर पडलं की आमच्याकडं तोंड आपोआप उघडतं, डोकं मागून पोचतं. त्याचं डोकं पोचलं तोवर आवाज शिवारभर गेला होता. त्यानं माइक असा दूर धरला, जणू माइकच बोलला होता.

पहिल्यांदा बाया हसल्या. मग बाप्ये हसले. आणि मग अख्ख्या गावानं असा 'हर हर महादेव' दिला की बैल बुजले. झडती लागली होती, तीही त्याच्याच तोंडून. आता रागवायची सोय नव्हती. उत्तर झडतीनं द्यायचं, तर त्याला एक ओळ सुचेना. बाबांनी कासरा शेजारच्या माणसाच्या हातात दिला, पुढं आले आणि लागोपाठ झडत्या म्हणत सुटले. यंदा म्हणणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता, हे त्यांच्या लक्षात होतं की नाही देव जाणे. मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी शाळेवर पत्रे चढले. सीमेपलीकडच्या बाजारातसुद्धा लोक 'फोटोवर पत्रा' म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते, तेव्हा सरपंचाला दुसरा इलाजच नव्हता. आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर मला कामावर घेतलं नाही. "खाल्ल्या घरचे वासे मोजते ती," असं तो चारचौघांत म्हणाला. छप्परच नव्हतं तर वासे मोजायला कोणाची हरकत, असं मी उलट कळवलं.

पण गंमत नव्हती ती. मी पुष्कळ रडले. आजही शाळेची घंटा झाली की माझा हात खडू शोधतो, आणि मला त्या माणसाचा संताप येतो. झडती मात्र मी परत घेणार नाही. माझ्या जागी मंडलच्या कचेरीनं कोणालाच पाठवलं नाही. एकच मास्तर सगळे वर्ग सांभाळतो. छप्पर आलं आणि शिकवणारी गेली.

आता मी बाबांबरोबर आठवडी बाजारात भाजी विकते. लेकरं मला तिथंही मेडमच म्हणतात आणि पाढे म्हटल्याशिवाय मी त्यांना पेरू देत नाही. परवा सरपंच आमच्या दुकानावर आला. वांगी उलटीपालटी करत राहिला. पोळा तोंडावर आला आहे.

"यंदा काय म्हनून राह्यली?" त्यानं वांग्यालाच विचारलं.

"तोरनाखाली या. आयकाले भेटन."

"तुह्या नोकरीचं पाह्यतो मी. यंदा काही म्हनू नको म्हंजे झालं. चूद्दाम."

मी वांगं त्याच्या हातातून काढून घेतलं. "माहं नका पाहू. शायेत आखीन एक मास्तर पाठवा. मी असो का दुसरं कोनी असो. पोळ्याच्या आंधी पाठवा."

तो काही न घेता निघून गेला. बाबा तिकडं तोंड करून हसत होते. मी वांगी पुन्हा रचली आणि मनातल्या मनात पहिली ओळ जुळवायला घेतली. 'हर बोला'च्या उत्तराची मला काळजी नाही. ते त्यालाच पाठ आहे.