वणीचा गुडघा, महागावची पूनम

खेळाडू निवडायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत मोजपट्टी आणि शिट्टी असते, आणि डोक्यात माणसं आपल्याला कळतात असा एक गैरसमज. पुण्याहून निघताना हे सगळं माझ्याजवळ होतं. आमच्या निवासी बास्केटबॉल प्रबोधिनीत मुलींची एक जागा रिकामी होती आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन नावांपैकी एक मला निवडायचं होतं. साक्षी वणीची, पूनम महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची (बंजारा वस्तीवरची). खेळणं सोडून मला बरीच वर्षं झाली. दोन्ही गुडघ्यांनी तर माझ्याआधीच निवृत्ती घेतली आहे.

वर्ध्याला उतरून दोन एसट्या बदलत वणी गाठली. कोळशाचं गाव आहे हे सांगायला पाटी लागत नाही. रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळपट, ट्रकांची रांग संपत नाही, आणि टपरीवाला ग्लास आधी विसळतो, मग आपल्यासमोर परत विसळतो. साक्षीचे वडील खाणीत कामाला. दारातच त्यांनी ‘जयभीम’ केला, मला आत बसवलं आणि पाणी यायच्या आत भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागून मुलीच्या गुडघ्याचा एमआरआय काढला. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून लिगामेंट कुठे फाटलंय ते त्यांनी मला बोटाने दाखवलं. शेजारच्या दोन बायका आल्या, त्यांनीही दाखवलं. अख्ख्या कॉलनीला साक्षीचा गुडघा तोंडपाठ होता.

साक्षी उंच, हसरी, पट्टा बांधून खेळणारी. उडी अर्धीच घेत होती, तरी चेंडू बरोबर रिंगमध्ये जात होता. मी स्पष्ट सांगितलं, शस्त्रक्रिया लागेल आणि पुढे कित्येक महिने खेळ बंद राहील. वडील जराही डगमगले नाहीत. म्हणाले, “पायच आहे न मॅडम. जोडता येते.” जेवायला पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा साक्षीच्या आईने हसत भाकरीवर तूप वाढलं. त्या घरातून निघताना मी खुशीत होते.

वणी ते यवतमाळ रस्त्यावर कापसाच्या गाड्या, मधेच पानं गळालेला साग. करंजीच्या पुढे एसटीचं टायर बसलं आणि आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी डब्यातल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि चौकशी सुरू केली. मुलगी पाहायला चालले आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मुलगा काय करतो, त्यांनी विचारलं. मुलगा नाही, बास्केटबॉल आहे, हे त्यांना पटवताना टायर बदलून झालं. तेव्हा मला फार हसू आलं होतं.

यवतमाळला मुक्काम करून सकाळी आर्णीमार्गे पुसदला पोचले. पूनम तिथल्या शाळेत शिकत होती. तिचे प्रशिक्षक किशोर सर मोटारसायकल घेऊन स्टँडवर आले होते. शाळेचं मैदान म्हणजे सिमेंटचा तडे गेलेला चौकोन आणि जाळी नसलेल्या दोन रिंगा. त्यात पूनम खेळत होती, आणि ती मध्यम उंचीची आहे हे मी थोड्याच वेळात विसरून गेले. चेंडू हातात यायच्या आधी तो कुठे द्यायचा हे तिला माहीत असायचं. डावीकडे बघायची आणि उजवीकडे द्यायची, आणि उजवीकडे नेमकं कोणीतरी मोकळं असायचं. असा खेळ शिकवून येत नाही. ही पोरगी मी घेऊन जाणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सराव संपला तरी ती थांबेना. माझ्याशी बोलायला आली ती भराभरा, एका विषयातून दुसऱ्यात उड्या मारत. उजाडायच्या आधीपासून मैदानावर आहे म्हणाली. केवढी जिद्द, असं मी सरांना म्हटलं. सरांनी मान खाली घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

तांड्यावर जाताना सरांनी मला रीत समजावली. बाहेरचा पाहुणा आधी नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) घरी जातो, आणि महत्त्वाची बोलणी त्याच्यासमोरच होतात. नायक थकलेले, पांढऱ्या धोतरातले गृहस्थ होते. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या, पूनमचे वडील बाजूला उभे, आई नवं लुगडं नेसून, आणि आमच्याआधीच घरी पोचलेल्या पूनमच्या डोक्यावर ओढणी. मैदानावरची मुलगी ती हीच का, असं मला वाटलं. बाटी (ज्वारीची भाकरी) आणि डाळ झाली, वर गुळाची लापशी. मग नायकांनी घसा खाकरला.

“पोरगी निरोगी आहे. अंगात काई खोट नाई. माही जबान.”

हे शब्द सगाईच्या बैठकीतले होते. या माणसांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मुलगी दाखवतात हे माहीतच नव्हतं, आणि ती त्यांची चूक नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, काही औषधं चालू आहेत का. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आई नाही म्हणाली.

पूनमने ओढणी खाली घेतली. “याडी (आई), सांग न. गोळ्या कोठीत ठेवल्या ते सांग.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मले झोप येत नाई मॅडम. डोकं थांबूनच नाई राह्यलं. मागच्या वर्षी असंच झालतं. मले भेव वाटते.”

आईने पदर तोंडाला लावला. रडत रडत तिने सांगितलं ते असं. मागच्या वर्षी पूनम अशीच झोपेविना पळत राहिली, आणि मग अंथरुणातून उठेनाशी झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी मनाचा आजार आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि ती सावरली. गोळ्यांनी हात थरथरायचे तेवढंच. मी येणार असा निरोप आला तेव्हा घरात विचार झाला, की हात थरथरले तर पाहुण्यांना दिसेल. गोळ्या ज्वारीच्या कोठीत गेल्या. थोरल्या मुलीला दमा होता, तिच्या वेळीही औषधं अशीच लपवली होती आणि लग्न सुरळीत झालं होतं. पाहुण्यांना दवाखान्याचे कागद कोणी दाखवतं का, आई मला विचारत होती. वणीची फिल्म माझ्या डोळ्यांसमोर आली.

तुम्हाला हे ठाऊक होतं का, असं मी नायकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “माहीत होतं. तांड्याची पोरगी आहे. मी दुसरं काय सांगू?”

निवडीचं नंतर बघू, आधी डॉक्टर, एवढं मी म्हटलं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि आपल्या मनाने सुरूही करायच्या नाहीत, हे सरांनी आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पूनम, तिची आई आणि मी एकाच एसटीने यवतमाळला गेलो. वाटेत पूनम खिडकीबाहेरच्या प्रत्येक गोष्टीवर बोलत होती आणि आई तिचा हात सोडत नव्हती. डॉक्टर भले निघाले. रागावले नाहीत. वेळेवर आणलंत, म्हणाले. खेळू शकेल का, या माझ्या प्रश्नावर ते म्हणाले की हो, खेळणं तिला चांगलंच आहे. फक्त औषध, झोप आणि जवळ लक्ष ठेवणारं माणूस हवं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी आमच्या निवड समितीच्या अध्यक्षांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. पूनमलाच घेऊया म्हटलं. पुण्यात मनाचे डॉक्टर बघू, वॉर्डनच्या शेजारची खोली देऊ, घरी जावंसं वाटलं तर जाऊ देऊ. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गुडघ्याचं ऑपरेशन आपण करून देऊ. हिचं काय करायचं ते आपल्यात कोणाला येतं? उद्या वसतिगृहात काही झालं तर?” मी भांडले. आवाज चढला तेव्हा नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती, आणि ती माझ्या आवाजात त्यांना ऐकू आली असणार. जागा साक्षीची झाली. पूनमचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

यवतमाळच्या स्टँडवर मी दोघींना हे सांगितलं. पूनम बोलायची थांबली. दोन दिवसांत प्रथमच. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “घे माय आता. आता कोणी पाहायले येत नाई.” पूनमने गोळी गिळली. मग त्यांची महागावची गाडी लागली. आईला माझा राग आलेला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

पुण्यात परतले. साक्षी आली, तिचं ऑपरेशन नीट झालं. तिच्या खोलीत फळं ठेवायला जागा उरली नव्हती आणि मुलींनी तिच्या पट्टीवर सह्या केल्या होत्या. मला ती पोरगी आवडते. तिचा हक्क होताच, आणि तिच्या गुडघ्यावर मी माझा राग काढत नाही. पण दुखणं गुडघ्यात झालं तर खिडकीच्या उजेडात धरतात आणि मनात झालं तर कोठीत घालतात, ही रीत तांड्याची आहे असं कोणी समजू नये. तांड्यावर लोक आम्हाला ओळखून होते, इतकंच. आम्ही काय बघून मुलगी नाकारू याचा त्यांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला.

परवा पूनमचा फोन आला. आवाज संथ होता. झोप लागते म्हणाली, गोळ्या रोज घेते, हात थोडे थरथरतात, पण सर रोज खेळायला घेतात. मी शाळेचं विचारलं, आईचं विचारलं. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं,

“मॅडम, पुढच्या वर्षी पाहायले येसान, तवा खरं सांगू का नको?”

“डॉक्टरांना नेहमी खरं सांग,” मी म्हणाले.

“ते तं सांगतोच,” ती म्हणाली. “मी तुमचं विचारून राह्यली.”

आणि ती थांबली, मी काय म्हणते ते ऐकायला.