बंद पडलं तर?

कारखान्यात त्याला सगळे कासव म्हणत. पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्या गाड्या बांधतो म्हणून कासव, आणि हातातलं काम संपवायचं नाव काढत नाही म्हणूनही कासव. पहिलं कारण तो स्वतः सांगे, दुसरं बाकी सगळे.

गाड्या मात्र अशा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. छतावर उन्हाची वीज, पोटात पाण्याची टाकी. आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा आंघोळीला, हवेतली ओल टिपून प्यायला. शिवाय भिंतीत एक बाई. म्हणजे नुसता आवाज. निकाल वाचून दाखवणाऱ्या मुख्याध्यापिकेच्या थाटात ती रोज सकाळी बोलायची, "पाण्याचा साठा समाधानकारक आहे. वीज समाधानकारक आहे."

गिऱ्हाइकं एकापेक्षा एक. "आम्हाला ना, आता कशातच अडकायचं नाहीये," म्हणणारी मंडळी फ्रिज केवढा बसेल यावर तासभर अडकायची. "निसर्गाच्या कुशीत राहायचंय हो, पण डास नकोत." कासव मान तिरकी करून सगळं ऐकून घ्यायचा आणि नाकातून एकच प्रश्न काढायचा, "ते ठीक. पण बंद पडलं तर?"

कारखान्याची एक रीत होती. गाडी तयार झाली की आवारात उभी करायची, बाहेरचा नळ नाही, बाहेरची वीज नाही, आणि आठवडाभर कुणीतरी आत संसार करून बघायचा. तिला 'वस्ती' म्हणत. कुणीतरी म्हणजे कासव आणि त्याची बायको. दुसरं कोण फुकटात येणार? तिनं आत कपडे धुवायचे, कांदा परतायचा, केस वाळवायचे, आणि कुठे गळतं, कुठे धूर कोंडतो ते सांगायचं. उभा जन्म ती फिरत्या घरांत राहिली आणि वीतभरही फिरली नाही. गाडी कुठलीही असो, खिडकीबाहेर तीच पत्र्याची भिंत आणि तेच वाकडं झाड.

"अहो, मला बाकी काही नको," ती म्हणायची. "एकदा सकाळी डोळे उघडावेत आणि बाहेर काल नसलेलं झाड दिसावं. बास."

"आपली गाडी होऊ दे गं. पलंगाशेजारी ही एवढी खिडकी ठेवतो!" आणि कासव दोन्ही हात पसरायचा.

आपली गाडी म्हणजे मालकानं दिलेला एका थकल्या टेम्पोचा सांगाडा. "घेऊन जा, इथे गंजतोय नुसता," मालक म्हणाला होता. लोकांच्या गाड्यांचे नकाशे ऑफिसात निघत. आपल्या गाडीचा नकाशा कासवच्या डोक्यात होता, आणि डोक्यात वजनकाटा नव्हता. एक पंप बसवला. पण तो बंद पडला तर? दुसरा बसवला. टाकी गळली तर? दुसरी. वर्षं गेली, तसे खिडकीसाठी पसरलेले हात जवळ जवळ येत गेले. "इथे दुसरी बॅटरी येते गं." शेवटी खिडकी उरली ताटाएवढी. बायको तीही पुसून लख्ख ठेवायची.

कासव निवृत्त झाला. भाड्याची खोली सोडली, भांडी शेजाऱ्यांत वाटून झाली. बायकोनं घरमालकिणीचा निरोप दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा दोघींना नीट रडता आलं नव्हतं. मग तिची ट्रंक आणि शिलाई मशीन गाडीत चढली आणि गाडी आरटीओत पासिंगला निघाली.

"अहो, झाडं पळतायत!" खिडकीला नाक लावून ती ओरडली.

"थांब जरा. पंपाचा आवाज ऐकू दे."

वजनकाट्यावरचा तपासनीस दाढ दुखत असल्यासारखा बोलायचा. "फिरणार कोण? तुम्ही दोघं? मग दोघंही आत बसा. हं. जास्त भरतंय. माल उतरवा."

"माल नाही साहेब, घर आहे."

"मग घर उतरवा."

कासवनं पहिली उतरवली शिलाई मशीन. मग ट्रंक, मग कपाट. मग पान्यानं पलंग खोलायला लागला.

"अहो, पलंग कशाला? दुसरा पंप काढा की."

"बंद पडला तर?"

"मग टाकी काढा एक."

"गळली तर?"

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळं दोन-दोन आहे तुमच्याकडे. मीच तेवढी एकटी कशी? मी बंद पडले तर?"

कासवचं लक्ष नव्हतं. पलंग खाली ठेवून त्यानं तिला पुन्हा आत बसवलं आणि दारातून काट्याचे लाल आकडे बघू लागला. अजून थोडं जास्त होतं.

"वहिनींना उतरवा, लगेच बसेल!" केबिनमधून काटेवाला ओरडला. तपासनीससुद्धा दाढ विसरून हसला. बायकोलाही हसू येत होतं. तेवढ्यात तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

त्याचे ओठ हलत होते. तो वजाबाकी करत होता.

ती उठली आणि खाली उतरली. आकडे घसरले, थांबले.

"बसलं!" कासवनं टाळी वाजवली. इतक्या खुशीत तिनं त्याला लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

तो हसत हसत मागे वळला तेव्हा ती ट्रंक उचलून समोरच्या थांब्यावर पोचली होती. बस आली. ती खिडकीपाशी बसली. खिडकी चांगली हातभर होती.

ती बहिणीकडे गेली. कासवला वाटलं, राग उतरेल, येईल. पासिंग झालेली गाडी त्यानं पुन्हा आवारात, वाकड्या झाडासमोर लावली, कारण तिला शोधत यायला तीच जागा सोपी. सकाळ झाली की याही भिंतीतली मुख्याध्यापिका बोलायची, "पाण्याचा साठा समाधानकारक आहे." एका माणसाला कितीसं पाणी लागतं?

शेवटी त्यानंच फोन केला. "दुसरी बॅटरी काढली मी. खरंच काढली, बाहेर ठेवलीय. तेवढ्यात तुझं वजन बसतं. आता ये."

पलीकडून आवाज आला, हुबेहूब त्याचा, नाकातून काढलेला. तिकडे मानसुद्धा तिरकी झाली असणार.

"ते ठीक. पण बंद पडलं तर?"

ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. फोन कधी बंद झाला ते त्याला कळलंच नाही.

थोडा वेळ तो ताटाएवढ्या खिडकीतून बाहेर बघत बसला. मग पाना घेऊन खाली उतरला आणि बॅटरी उचलून पुन्हा जागेवर बसवायला लागला.