सुभद्रानं माईकवर काढली नाही ती गोष्ट

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. पुसेगावकडं आमचं गाव. पंचायतीच्या इलेक्शनला आमच्या वार्डात बाईची जागा सुटली आणि मालकांनी एका कागदावर माझी सही घेतली... कशाची सही, ते नंतर सांगितलं.

समोर कोण, तर सुभद्रा. तीन घरं सोडून राहणारी. कालपर्यंत हापशावर सोबत पाणी भरायचो, आज म्हणे विरोधक.

आमच्या गावात तेव्हा एक पद्धत होती. मतदानाच्या आधी दोन्ही उमेदवारांनी मारुतीच्या पारावर एकाच सतरंजीवर बसायचं आणि माईकवर सांगायचं, निवडून आल्यावर काय करणार. आधी कोण बोलणार त्याची चिठ्ठी निघायची.

मी शहाणपणा केला. थोरल्या लेकीला शिरड शहापूरकडचं स्थळ आलं होतं, त्या पाहुण्यांना त्याच दिवशी बोलावलं. म्हणलं, विहीणबाईला दिसू दे आपला रुबाब...

चिठ्ठी माझी निघाली. दोन बुकं शिकलेल्या बाईला भाषण कुठून येणार? रस्ता, नाली दोन मिनिटांत संपलं आणि मग तोंड सुटलं.

म्हणलं, हिचा नवरा भरदिवसा पिऊन पडतो. हिला घर सांभाळता येईना, वार्ड काय सांभाळणार? लोक हसले, तसा मला अजून चेव आला. पुढं जे बोलले ते इथं लिहायची लाज वाटते...

खाली बसले आणि पाहुण्यांकडं नजर गेली. तेव्हा कुठं ध्यानात आलं, आपण काय करून बसलो.

माझ्या लेकीचा आधी एकदा साखरपुडा होऊन मोडला होता. पाहुण्यांना आम्ही सांगितलं नव्हतं, सांगू सांगू म्हणत राहिलं होतं. आणि त्या साखरपुड्यात लेकीची ओटी सुभद्रानंच भरली होती...

आता माईक तिच्या हातात. तिच्या पार्टीचा एक जण तिच्या कानाशी लागला. एकाच सतरंजीवर बसलेलो, मला सगळं ऐकू आलं. “काढ की तिच्या पोरीचं.” खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं.

सुभद्रानं त्याच्याकडं बघितलं पण नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, “अक्का बोलल्या ते खरं हाय. माझा मालक पितो. म्हणूनच मी उभी राहिले. गावातली दारू बंद झाली पायजे.”

मग हापशाचं बोलली, अंगणवाडीचं बोलली आणि बसली. माझं नाव परत घेतलं नाही. मला एवढं हलकं वाटलं की तिथंच डोळ्याला पदर लावला.

पाहुणे निघायच्या आत मोडलेल्या साखरपुड्याचं मीच विहीणबाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, बरं झालं, तुमच्याच तोंडून कळलं. सोयरीक जमली.

दुसऱ्या दिवशी सुभद्राकडं गेले. गेले होते माफी मागायला, पण तोंडातून निघालं, “काहून बोलली न्हाईस ग?”

ती भाकरी थापून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, “इलेक्शन तुमचं न् माझं हाय, अक्का. पोरीचं थोडंच हाय.”

मग मला माफी मागायला जमलं...

निवडून तीच आली. आता टीव्हीवर उमेदवार एकमेकांच्या बायकालेकरांवर घसरले की मी टीव्ही बंद करते. मी बी कधी तसंच बोलले होते, म्हणून जास्तच बघवत नाही.

आणि एक. त्या इलेक्शनला माझं मत मी सुभद्राला दिलं होतं. मालकांना इतक्या वर्षांत सांगितलं नाही. आता इथं वाचतील, तर वाचू देत... मत बराबर जागी पडलं होतं.