दोन गावांची नकोशी वस्ती

लग्न ठरताना मुलगा सुरतला असतो असं सांगितलं होतं. धुळ्याकडच्या आमच्या नातेवाइकांना सुरत म्हणजे दिवाळीच दिसायची. मी आले ती सुरतेबाहेर, चलथाणच्या बाजूच्या एका वस्तीत. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला कालवा आणि मधे वीस-बावीस घरं. सगळी खानदेशी, एक कुटुंब तेवढं मराठवाड्यातलं, ऊसतोडीला येऊन इथंच राहिलेलं. पुरुष सायकलींवरून नवागामला कापडाच्या लूमवर जायचे आणि परत येऊन शहरातले असल्याचा तोरा मिरवायचे.

वस्तीला नाव नव्हतं. कालव्याच्या अलीकडच्या गावाचा सरपंच म्हणायचा, तुम्ही पलीकडच्या गावात मोडता. पलीकडचा म्हणायचा, अलीकडच्या. त्यामुळे रेशनकार्ड कुणीच देईना. मतदार यादीत मात्र आम्ही होतो. माझं नाव एका गावात, सासूबाईंचं दुसऱ्या. एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या दोघी दोन गावच्या! ही अक्कल कोणाची, ते कधीच कळलं नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात सासरे गेले. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत संपले. माझा नवरा अलीकडच्या गावाच्या स्मशानात लाकडं घेऊन गेला. तिथल्या सरपंचानं त्याला फाटकातच अडवलं. "आ तमारुं गाम नथी, भाई," म्हणाला. गाव तुमचं नाही, म्हणजे स्मशानही नाही. पलीकडच्या सरपंचानं तर बसूनच सांगितलं, "आज आमच्याकडे लग्न आहे, धूर नको."

लग्नाचा बँड आम्हालाही ऐकू येत होता. जिवंतपणी माणूस कुणाचाच नव्हता, ते समजू शकते. पण मेलेल्या माणसाला कोणतं रेशन लागतं?

शेवटी कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर चिता रचली. शेतमालकानं आधी बजावलं, "ऊस पेटला तर भरपाई द्यावी लागेल." त्यामुळे अग्नी दिल्यावर आमची माणसं हात जोडायच्या ऐवजी पाण्याच्या बादल्या घेऊन उभी होती. सासूबाई लांबून बघत होत्या. रडल्या नाहीत.

तेराव्याला दोन्ही सरपंच आले. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. एक जीपमधून, एक नव्या मोटारसायकलवरून. दोघांच्या हातात हार, आणि आधी कुणी घालायचा यावरून फोटोसमोरच ढकलाढकली. "काका म्हणजे आमच्या गावचं भूषण," अलीकडचा म्हणाला. पलीकडच्यानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते.

सासूबाई पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "जाळाले जागा नव्हती तुम्हना गावमा. आते मत मांगाले बरी वाट सापडनी!"

दोघंही हार तिथंच खाटेवर टाकून निघून गेले.

वाटलं, आता वस्ती ताठ उभी राहील. कसली राहते! मतदानाच्या दिवशी दोन्हीकडून ट्रॅक्टर आले आणि आमचे शूर पुरुष दोन्हींत विभागून चढले. संध्याकाळी येताना गाठिये-जिलेबीचे पुडे घेऊन आले. माझ्या नवऱ्यानं एक पुडा सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो उचलून शेजारच्या शेळीपुढे ठेवला. शेळीनं खाल्ला.

मी आणि सासूबाई मतदानाला गेलो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही सुरत शहरात, डिंडोलीत भाड्याची खोली घेतली. सामान हातगाडीवर चढवताना नवरा म्हणाला, "आई, शेवटचं एकदा बघून घे."

"काय बघू?" म्हणत सासूबाई गाडीच्या पुढे चालू लागल्या.