सर्व्हरला झेंडूची माळ

"मॅडम, साइट उघडत नाहीये! दुबईचा माणूस स्क्रीन लावून बसलाय. कशीबशी दहा मिनिटं मागून घेतलीत."

वैशालीचा आवाज पार चिरकला होता. सकाळचे अकरा वाजले होते. मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात. ती निफाडला, बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये. मी माझ्या मोबाईलवर साइट उघडून पाहिली. पांढरं पान आणि मधोमध फिरणारं चाक. बाकी काही नाही.

मी पंचवीस वर्षं कारखान्यांचे सर्व्हर सांभाळले. आता नवशिक्यांना स्वतःची वेबसाइट स्वतःच्याच मशीनवर चालवायला शिकवते. याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. म्हणजे दुकान भाड्याच्या गाळ्यात न टाकता घराच्या ओट्यावर टाकायचं. फायदा असा, की कुणाची मालकी नाही. तोटा असा, की घरातले सगळे ओट्यावर येऊन बसतात आणि अक्कल शिकवतात.

वैशाली माझी सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. घरातला जुना डेस्कटॉप घेऊन तिनं त्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टीम चढवली. स्टॅटिक आयपी घेतला, म्हणजे इंटरनेटवरचा कधीच न बदलणारा पत्ता. राऊटरला सांगून ठेवलं, की बाहेरून कोणी साइट मागितली तर त्याला या मशीनकडे पाठव. बेदाण्याच्या प्रत्येक लॉटचे फोटोही तिनंच काढले. तिचे सासरे, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, हे सगळं बघत होते आणि टोमणे मारत होते.

"बेदाणा चावून बघायचा आसतो. डब्यात घालून दाखवायची चीज हाय का ती?"

शेवटी त्यांनी अट घातली. खंडेनवमीच्या दिवशी दुबईचा खरेदीदार साइटवर लॉट बघणार होता. त्यानं लॉट पक्का केला, तर धंद्यात वैशालीला जागा. नाही केला, तर तिनं पुन्हा गोडाऊनची पायरी चढायची नाही.

म्हणून आम्ही महिनाभर तयारी केली होती. लाइट गेली तर यूपीएस. इंटरनेट गेलं तर दुसरं कनेक्शन. डिस्क उडाली तर बॅकअप. सगळ्या संकटांचा बंदोबस्त केला होता, फक्त आबांचा राहिला होता.

"घरी पळ," मी म्हटलं. "मशीनसमोर उभी राहा आणि व्हिडिओ कॉल लाव."

गोडाऊन घराच्या मागेच. दोन मिनिटांत कॉल आला. ती धापा टाकत होती.

"मशीनवरचा हिरवा दिवा दिसतोय का?"

"दिवा नाही, मॅडम. झेंडू दिसतोय."

तिनं कॅमेरा फिरवला. मशीनला झेंडूची माळ. पॉवरच्या बटणावर हळदीकुंकू. वर नारळ. वायरी काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. त्याच पाटावर कोयता, वजनकाटा, फवारणीचा पंप आणि आबांचा मोबाईल, सगळ्यांना कुंकू लावलेलं. हा सगळा थाट बघून मी कपाळावर हात मारला.

"कोणी बंद केलं हे?"

"म्या केलं," मागून आबांचा आवाज. "चालू मशीनची पूजा करत्यात व्हय? सोच्छ धुऊनपुसून…"

"धुऊन?" मी ओरडलेच.

"वल्लं फडकं मारलं हो नुसतं. लय धूळ हुती मॅडम. तुमच्या सर्व्हरची लाज वाटली मला."

"आबा, आत्ताच्या आत्ता चालू करा. तो माणूस थांबलाय."

"आज नाय. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापत्तुर हात लावायचा नाय. आमच्यात बापजाद्यापासून चालत आलंय." मग ओसरीवर पूजेला जमलेल्या पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं, "बघा! म्हनलं नव्हतं? ऐन टायमाला बंद पडनार म्हून!"

वा रे वा! स्वतः बंद करायचं आणि वर बंद पडलं म्हणून मिरवायचं. चाळीस किलोमीटरवर होते म्हणून आबा वाचले. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण अपमान झाला असता तर भोगायचं वैशालीलाच होतं.

तेवढ्यात पाटावरचा मोबाईल वाजला. आबांनी सवयीनं उचलला आणि कानाला लावला.

"हां, बोला पाव्हनं! हो हो, उद्या या सोनं द्यायला!"

चांगलं मिनिटभर बोलले. फोन खाली ठेवला तेव्हा गालाला, कानाला कुंकवाचा पट्टा लागला होता.

वैशाली शांतपणे म्हणाली, "आबा, पुजलेल्या हत्याराचं कुंकू लागलंय कानाला. पुसा."

ओसरीवर एक म्हातारी पाहुणी फिसकन हसली. मग सगळेच हसले. आबा उपरण्यानं कान पुसत राहिले. वैशालीनं मशीनला नमस्कार केला, माळ उतरवली, वायरी जोडल्या आणि कुंकवासकट बटण दाबलं. तीन मिनिटांत साइट उभी राहिली. दुबईवाला अजून थांबलेला होता. त्यानं सगळे फोटो पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि लॉट पक्का केला. वैशाली फोनवर माझ्याशी बोलता बोलता रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी आबांनी गावभर सांगितलं, की मशीन पुजलं म्हणूनच सौदा झाला.

वैशाली त्यांच्याशी भांडली नाही. आठवडाभरात तिनं माझ्याकडून आणखी एक मशीन बसवून घेतलं, गोडाऊनच्या माळ्यावर, कुलपात. साइट तेव्हापासून तिथूनच चालते. ओसरीतलं जुनं मशीन मात्र जागेवरच आहे. आबा दर खंडेनवमीला ते वायरी काढून पुसतात, माळ घालतात आणि दोन दिवस कुणाला हात लावू देत नाहीत. साइट एकदाही बंद पडत नाही, याचं श्रेय ते पूजेला देतात.

माझ्याकडे कोणी सेल्फ-होस्टिंग शिकायला आलं, की मी आता पहिल्याच दिवशी सांगते: घरी मशीन दोन ठेवा. एक चालवायला आणि एक पूजेला.