वर्षं एकटीची नसतात

कुरवंडे गावात भेटलेल्या त्या बाईचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी बसले होते तेवढ्या वेळात तिनं अंथरुणाला खिळलेल्या सासूला दोनदा कुशीवर वळवलं, आणि दोन्ही वेळा दात आवळून स्वतःची कंबर धरली. तिच्या मणक्याचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी ठरलं होतं, तेही मोफत; पण ती जायला तयार नव्हती.

मी आरोग्य सर्वेक्षणातला प्रश्न वाचला, "कंबर पूर्ण बरी होणार असेल, तर त्या बदल्यात आयुष्यातली किती वर्षं सोडाल?" दुखण्याचं मोल ठरवायची ही अर्थशास्त्राची मान्यताप्राप्त रीत आहे म्हणे. माणूस एकटा, वर्षं त्याची, सौदाही त्याचाच!

ती भडकली. "ताई, वर्सं माजी एकटीची हायेत व्हय? मी गेल्यावर ह्यास्नी कोन उचलंल, तुमचा कागुद?"

सासू डोळे मिटूनच पुटपुटली, "जा गं तू दवाखान्यात. मला ऱ्हाऊ दे अशीच."

"तुमी गप बसा, आत्या!" मग ती माझ्याकडे वळली. "जाते उद्या ऑपरेशनला. महिनाभर तुमी ऱ्हाता हितं?"

ती थट्टा करत नव्हती. उत्तरासाठी माझ्याकडे रोखून बघत होती.

हक्कांवर तासभर भाषण ठोकणारी मी, तिला हो म्हणाले नाही.