दोन बोटांचा फरक

परवा गारखेड्यातल्या गॅरेजात माझ्या स्कूटीचे पुढचे शॉकअप उघडले आणि जुन्या तेलाचा उग्र वास आला. तिथल्या स्टुलावर बसल्या बसल्या मला आमचं अंगण दिसायला लागलं.

दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर आठवड्यातून एकदा यायचा. ह्यांच्याकडे मातीतल्या शर्यतीची एक जुनी मोटारसायकल होती. अलीकडे ती फार दणके देते, अशी ह्यांची तक्रार होती. हे गाडीवर बसले की पुढची बाजू किती दबते, ते मी शिवणाच्या टेपनं मोजायची. एके दिवशी ती नेहमीपेक्षा दोन बोटं कमी दबली.

"शॉकअपमधलं तेल लई जाड झालंय," हे म्हणाले. आम्ही पातळ तेल भरलं, तरी फरक पडला नाही. मग ह्यांनी आतल्या स्प्रिंगा काढून नरम घातल्या.

"अहो, हात धुवायला पाणी नाय," मी कुरकुरले. ह्यांनी हसत आपल्या सदऱ्याला माझे हात पुसले. सदरा अंगावर ढगळ झाला होता. उन्हाळ्यानं उतरलेत, असं मी समजले.

दिवाळीआधीच हे गेले. पोटातलं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. गाडी कडक झालीच नव्हती. हे हलके झाले होते, आणि ते मी माझ्या हातानं मोजलं होतं.

त्या दिवशी मात्र हे, आता इमारती झाल्यात त्या मोकळ्या प्लॉटांवरून, एक चक्कर मारून आले. "बघ, आता कशी लोण्यासारखी चालतीय!" त्यांचा चेहरा पाहून मलाही बरं वाटलं. पिण्याच्या हंड्यातलं पाणी घेऊन मी दोघांसाठी चहा टाकला.